पाण्यातला दगड

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी आमच्या शाळेत किल्ल्यांची चढाओढ असते. आठ दिवस आधीपासून मुलांच्या दप्तरांना माती लागू लागते. कोणी ओढ्यातले गोटे आणतो, कोणी नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यातून फोडीव दगड उचलतो. सुट्टी संपून शाळा उघडली की किल्ला ढासळलेला असतो, अळीव वाळून पिवळे पडलेले असतात, महाराज आणि मावळे पुढच्या वर्षीसाठी खोक्यात जाऊन बसतात. मागे उरतात ते दगड. ते कोणालाच नको असतात.

तीन वर्षांपूर्वी असेच दगड उरले होते. माझ्या वर्गात माशांची काचेची पेटी आहे, दोन फूट लांबीची. सहावीतला एक मुलगा किल्ल्याच्या ढिगातून एक काळा दगड घेऊन माझ्याकडे आला. दोन मुठींएवढा, खालून पोखरलेला. "गुरुजी, हा पेटीत ठेवू या का? माशांना घर होईल." कल्पना मला आवडली. त्याच्या दगडाबरोबर मी स्वतः निवडून आणखी पाच-सहा दगड घेतले, त्यांत विहिरीतून आलेला एक चमचमणारा पांढऱ्या खड्यांचा दगडही होता. मास्तराला स्वच्छतेची भारी हौस. कपड्यांची पावडर टाकून मी सगळे दगड घासले, दोनदा विसळले, तासभर उन्हात ठेवले आणि पेटीत मांडले. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी दोन मासे कुशीवर पडले. आठवड्यात सहांपैकी चार गेले. पेटीतला सगळ्यांत मोठा दगड त्या मुलाचा होता, म्हणून माझी नजर प्रथम त्याच्यावर गेली. भर वर्गात मी त्याला म्हणालो, "कसला विषारी दगड आणलास रे?" तो मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, काळा पत्थर हाय त्यो. त्यात काय नसतं." त्याचे वडील खडीच्या खाणीवर दगड फोडायला होते. मी ऐकून घेतले नाही. त्याच्याच हातांनी तो दगड बाहेर टाकायला लावला.

त्यानंतर मला हा विषय वाचावासा वाटला. खरे सांगायचे तर आपण बरोबर होतो हे सिद्ध करण्यासाठी मी वाचायला बसलो होतो.

दगड घरी आणून पाण्यात ठेवणे आपल्याला नवे नाही. ज्यांच्या देवघरात पंचायतन आहे त्यांना हे सांगायला नकोच. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीतला तांबडा गणपती, हे सगळे नदीने घडवलेले दगड. पैकी शाळिग्रामात तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. यांना रोज ताम्हनात स्नान घडते. पण ताम्हनातले पाणी लगेच तीर्थ होऊन जाते. नदीतला दगडही पाण्यातच असतो, परंतु त्याने काही सोडले तर नदी ते घेऊन पुढे जाते. काचेच्या पेटीतले पाणी मात्र कोठे जात नाही. दगड जे देईल ते तिथेच राहते आणि मासे तेच श्वासाबरोबर घेतात. माशांच्या पेटीचा सारा इतिहास म्हणजे या कोंडलेल्या पाण्याशी माणसाने केलेली झटापट आहे, आणि गंमत अशी की त्या झटापटीत दगड पहिल्या दिवसापासून हजर आहे.

पेटीची सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून झाली. जान व्हिलप्र-पॉवर ही फ्रान्समधल्या एका खेड्यातली मुलगी, जन्म १७९४ चा. पॅरिसला जाऊन कपडे शिवता शिवता तिने एका राजकन्येचा विवाहवेष तयार केला, पुढे एका व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिलीतल्या मेसिना शहरी राहायला गेली आणि तिथे समुद्राच्या नादी लागली. आर्गोनॉट नावाचा अष्टपाद प्राणी आपले नाजूक शिंपले स्वतः बनवतो की दुसऱ्याचे बळकावतो, यावर त्या काळच्या विद्वानांत वाद होता. तो मिटवण्यासाठी तिने १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या करून घेतल्या, त्यांत हे प्राणी ठेवले आणि ते शिंपले स्वतःच बनवतात हे दाखवून दिले. पण समुद्र तिच्या दारात होता. पाणी बिघडले तर नवे आणता येई. खरी अडचण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची होती.

अशी एक बाई लंडनमध्ये होती, ॲना थिन. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीतला मोठा धर्माधिकारी. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की गावी तिला लहानशा पेल्यासारखे प्रवाळ सापडले आणि ते जिवंत लंडनला न्यावे असे तिच्या मनाने घेतले. बरणीतून आगगाडीने ते आले खरे, पण आता समुद्राचे पाणी रोज कोठून आणायचे? तिने उपाय काढला तो आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला पटेल असा. एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात, उघड्या खिडकीपाशी, पुन्हा पुन्हा ओतायचे, आपण दूध निववतो तसे. हे काम मोलकरणीकडे होते आणि ते रोज अर्धा-पाऊण तास चाले. त्या मोलकरणीचे नाव इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही, पण तिच्या खांद्यांची मला नेहमी आठवण होते.

पुढच्या वर्षी ॲना थिनने त्याहून शहाणपणाची गोष्ट केली. तिने किनाऱ्यावरून गारगोटीचे, दगडाचे आणि शिंपल्यांचे असे तुकडे मागवले की ज्यांवर समुद्री शेवाळ जिवंत चिकटलेले होते. समुद्री शेवाळाला झाडासारखी मुळे नसतात. ते दगडाला नुसते धरून असते, आणि ओढून काढले की कुजते. दगडासकट आणले तर जगते. आणि ते जगले तर उजेडात प्राणवायू सोडते. मोलकरणीचे ओतकाम त्या दगडांनी हलके केले. माझ्या माहितीत घरातल्या पेटीत हेतुपुरस्सर आणलेला दगड तो हा.

दुसरा प्रयोग याच सुमारास लंडनमध्येच, पण गोड्या पाण्यात झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन हा औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करी. त्याने सुमारे बारा गॅलनचे काचपात्र घेतले, ते अर्धे झऱ्याच्या पाण्याने भरले, लंडनची काजळी पडू नये म्हणून वर मलमलचे फडके ताणले. तळाशी वाळू आणि गाळ, आणि त्यावर दगड. हे दगड कोणते, तेही त्याने लिहून ठेवले आहे. डर्बीशायरमधल्या मॅटलॉकजवळचा भोकाभोकांचा चुनखडक आणि थोडा वालुकाश्म. मासे हवे तेव्हा खाली शिरतील अशा बेताने ते रचले. मग दोन सोनेरी मासे सोडले आणि लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. काही दिवस सारे छान चालले. नंतर वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर बुळबुळीत हिरवा थर आला. वॉरिंग्टनने पाणी बदलले नाही; त्याने पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि तो थर खाऊन टाकला, पाणी पुन्हा निवळले, आणि गोगलगायींची अंडी माशांना खाऊ झाली. १८५० साली त्याने हे सगळे लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधला तर पाणी न बदलताही पेटी चालते, हा शोध त्या निबंधाने जगाला दिला.

समतोलाच्या त्या यादीत दगडाचे नाव कोणी घेत नाही. मला ते घ्यावेसे वाटते. वॉरिंग्टनने निवडलेला चुनखडक पाण्यात अगदी हळूहळू विरघळतो. पाणी त्यामुळे दुष्फेन होते, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजायला वेळ लागते असे, आपल्या बोअरच्या पाण्यासारखे. सोनेरी मासा तसल्या पाण्यात मजेत राहतो, गोगलगायीला तर कवचासाठी चुना हवाच असतो. म्हणून काही बिघडले नाही. पण त्याच पात्रात त्याने ॲमेझॉनच्या काळ्या, मऊ पाण्यातला निऑन टेट्रा सोडला असता तर? तसे व्हायचे नव्हते, कारण त्या निळ्या-लाल माशाचे शास्त्रीय वर्णनच मुळी १९३६ साली झाले. याच्या उलट, आफ्रिकेतल्या टांगानिका आणि मलावी सरोवरांतले मासे दुष्फेन पाण्यातच वाढलेले. त्यांच्या पेटीत लोक मुद्दाम चुनखडक घालतात. एकाचे घर ते दुसऱ्याचा जाच, एवढाच याचा अर्थ.

वॉरिंग्टननंतर जे झाले त्याला वेडच म्हणावे लागेल. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि फिलिप हेन्री गॉस हा लेखक-निसर्गज्ञ हाती लेखणी घेऊन तयार होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जे 'मत्स्यगृह' उघडले त्यासाठी त्याने समुद्री जीव पुरवले, आणि पुढच्याच वर्षी 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक लिहिले. माशांच्या पेटीला हे नाव रूढ झाले ते या पुस्तकामुळे. गॉस ओहोटीच्या वेळी टोपली, बरण्या, हातोडा आणि छिन्नी घेऊन खडकांत उतरे. शेवाळ ओढायचे नाही, ज्या खडकाला ते चिकटले आहे त्याची ढलपी छिन्नीने उडवायची, ही त्याची पद्धत. ॲना थिनला जे सुचले होते तेच, पण आता ते हजारो लोकांच्या हाती छापून पडले. बड्या घरच्या बायका, पाद्री, शाळकरी मुले, सगळे हातोड्या घेऊन किनाऱ्यावर धावले.

याचा शेवट गॉसच्या मुलानेच लिहून ठेवला. एडमंड गॉसने १९०७ मध्ये 'फादर अँड सन' या आत्मकथेत सांगितले आहे की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांतली ती फुललेली कुंडे पुढे पार ओस पडली, संग्राहकांच्या झुंडींनी ती लुटली, आणि या झुंडी वडिलांच्याच पुस्तकांनी तिकडे वळल्या होत्या. वडिलांना त्याचे दुःख झाले, असेही तो लिहितो. मी हे पान दोनदा वाचले. लोकांना निसर्गाची गोडी लावावी म्हणून एक माणूस जीव तोडून लिहितो आणि त्या गोडीनेच तो निसर्ग रिता होतो, ही गोष्ट मास्तरकी करणाऱ्याला सुखाने झोपू देणारी नाही.

दगड नुसते गरजेपुरते न राहता देखणे व्हायला मात्र पुढे फार काळ जावा लागला, आणि ते काम जपानने केले. तिकडे अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या उद्यानशास्त्राच्या ग्रंथात दगड कसा मांडावा याचे विस्तृत विवेचन आहे, आणि जो दगड मूळ जागी आडवा होता तो उभा करू नये अशासारखे विधिनिषेधही आहेत. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) हा मूळचा सायकलशर्यतींचा खेळाडू. नंतर तो छायाचित्रकार झाला, आणि त्याने ही परंपरा काचेच्या पेटीत उतरवली. एक मुख्य दगड, त्याच्या आजूबाजूला लहान, एकूण संख्या विषम, आणि पुढे हिरवळ. यालाच 'इवागुमी' म्हणतात. त्याच्या पेटीचे छायाचित्र पाहिले की डोंगर समोर उभा राहतो. पण तिथेही कोंडलेल्या पाण्याचा नियम सुटत नाही. या मांडणीसाठी लोकांना आवडणारे काही करडे दगड पांढऱ्या चुन्याच्या शिरांचे असतात आणि हळूहळू पाणी दुष्फेन करतात.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तिथे गेलो होतो. मासे आठवत नाहीत. काचेपलीकडच्या कपारीत दडलेले काहीतरी आणि ते बाहेर यावे म्हणून काचेवर टकटक करणारा मी, एवढेच आठवते. वडिलांनी हात धरून मागे ओढले होते. दगडात लपता येणे ही माशाची किती मोठी सोय आहे, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आता आपल्या दगडांकडे वळू. सह्याद्री आणि देश हा बहुतांशी काळ्या अग्निजन्य खडकाचा प्रदेश. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. हा घट्ट काळा पाषाण पाण्याला जवळजवळ काहीच देत नाही. पेटीसाठी इतका भरवशाचा दगड शोधून सापडायचा नाही. परंतु लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत पुढे खनिजांचे स्फटिक भरले. त्यांत झिओलाइट असतात तसाच कॅल्साइटही असतो, म्हणजे स्फटिकरूप चुनाच. विहिरीच्या ढिगातला माझा तो चमचमणारा दगड या जातीचा होता. काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे तर उघडच चुन्याचे. कोकणात आणि गोव्यात जांभा. त्याच्या भोकांत माती बसलेली असते, ती कितीही धुतली तरी पाणी लाल होत राहते. समुद्रकिनाऱ्यावरच्या दगडाला शिंपले चिकटलेले असतात, म्हणजे पुन्हा चुना. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ मात्र उचलायचेच नाही. आपल्याकडे दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे आणि ते घरी आणणे गुन्हा ठरतो.

दगड ओळखायची रीत भूशास्त्राइतकीच जुनी आहे आणि स्वयंपाकघरात बसून करता येते. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसले की चुना आहे. न फसफसले म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये, कारण व्हिनेगर सौम्य असते आणि काही चुनखडकांवर त्याचा परिणाम दिसत नाही. अशा वेळी दगड बादलीभर पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवून द्यावा आणि बाजारात मिळणाऱ्या कागदी पट्ट्यांनी आधीचे व नंतरचे पाणी तपासावे. गंजाचे डाग, पिवळी धातूची चकाकी किंवा हिरव्या-निळ्या शिरा दिसल्या तर तो दगड कपाटात शोभेला ठेवावा. तांबे तर माशांना आणि गोगलगायींना फारच वाईट. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा किंवा गाड्यांचे तेल सांडलेल्या रस्त्यावरचा दगड कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. आणि दगड उकळू नये, भट्टीत तर मुळीच घालू नये. भेगेत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटून तोंडावर येतो. खरखरीत ब्रशने घासावा, वरून कढत पाणी ओतावे, पुष्कळ दिवस उन्हात वाळवावा. मांडताना मोठा दगड आधी तळावर नीट टेकवून मग भोवती वाळू पसरावी. वाळूवर ठेवला तर मासे खालची वाळू उकरतात आणि एके दिवशी तो काचेवर कलंडतो. नदीतून दगड उचललाच तर आधी खाली कोण राहते ते पाहावे, आणि कोणी असेल तर जसा होता तसा परत ठेवावा.

राहिला साबण. सच्छिद्र दगड साबण पिऊन घेतो आणि पुढे दिवसचे दिवस थोडा थोडा सोडत राहतो. माशाच्या कल्ल्यांवर एक पातळ चिकट आवरण असते. साबण त्यावर आणि कल्ल्यांवर आघात करतो, आणि मासा पाण्यात असून गुदमरतो. हे वाक्य वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी कोपऱ्यात ठेवलेल्या माझ्या निवडीच्या दगडांवर व्हिनेगर टाकले. दोन फसफसले. पण चुना तीन दिवसांत मासा मारीत नाही. मारेकरी कपड्यांची पावडर होती, आणि ती माझ्या हातची.

मुलाला सांगावे म्हणून वर्गात पाहिले तर तो नव्हता. खाणीवरचे काम संपले होते आणि ती मंडळी मार्गशीर्षातच दुसऱ्या खाणीकडे निघून गेली होती. कोणत्या, ते शिपायालाही ठाऊक नव्हते.

त्याचा दगड शाळेमागच्या नळाजवळ सापडला. मुले त्यावर उभी राहून पाणी पीत. मी तो तीन आठवडे बादलीत ठेवला, पाणी दर दोन दिवसांनी बदलले, आणि त्यावर व्हिनेगरही टाकून पाहिले. साधा बुडबुडासुद्धा आला नाही. मग तो पेटीत ठेवला. त्याच्या खालच्या पोकळीत आता एक पट्टेरी मासा राहतो. फक्त खाण्याच्या वेळी तो बाहेर येतो, बाकी दिवसभर शेपटीचे टोक तेवढे दिसते.

यंदाच्या किल्ल्यांच्या वेळी पाचवीतल्या एकाने तो दगड बालेकिल्ल्यासाठी मागितला. मी नाही म्हणालो. मग तो काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला आणि त्याने विचारले, "गुरुजी, हा कुणी आणला?" मी त्याला त्या मुलाचे नाव सांगितले.